डबलची वही

कोल्हापुरात तिकिटांचे अल्बम पावसाळ्यात कुणी उघडत नाही. राधानगरीकडून ढग यायला लागले की हवा अशी ओलसर होते, की कोऱ्या तिकिटाच्या पाठचा डिंक न भिजवताच मऊ पडतो आणि तिकीट पानाला धरून बसतं. ते सोडवायला जावं तर एक तर तिकीट फाटतं, नाही तर पान. म्हणून मृगाच्या आधीच पुस्तकं पुसून, आडवी न रचता उभी करून, कपाटाच्या वरच्या खणात जातात. तिकडे पंचगंगा वाढत असते, राजाराम बंधाऱ्याची पातळी लोक एकमेकांना फूट-इंचांत सांगत असतात, आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला आहे ती माणसं वरचा खण तरी पुरेल का, याचा अंदाज घेत असतात. त्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात आणि शहराच्या नदीकडच्या पेठांत घराघरांतले कागद भिजून गेले. त्यांत पत्रांच्या किती पेट्या होत्या, याचा पंचनामा कुणी केला नसेल.

दसरा उलटला, ऊन खणखणीत झालं, की पुस्तकं बाहेर येतात. ऑक्टोबर हा एरवीही टपालाचाच महिना. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न शहरात बावीस देशांनी एकमेकांची पत्रं एकमेकांच्या मुलखात पोचवण्याचा करार केला, म्हणून त्या तारखेला जागतिक टपाल दिन असतो. राजर्षी शाहू महाराजांचा जन्मही १८७४ चाच. ही जोड मला फार आवडते, तिच्यात अर्थ असो वा नसो. त्या सुमाराला आमची रविवारची बैठक पुन्हा भरते. मंगळवार पेठेत एका मित्राची माडी आहे. तिथं सतरंजी अंथरायची, खिडकीतलं ऊन तिकिटांवर पडू नये म्हणून एक फळी लावायची, आणि पुस्तकं उघडायची. चार महिने मिटून राहिलेल्या पानांमधला बटरपेपर उलटताना जो बारीक कुरकुर आवाज होतो, त्यासाठी मी पावसाळाभर वाट पाहतो.

या बैठकीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्याबद्दल काळजीही वाटते. आमच्यातले बरेच जण निवृत्त आहेत. उद्यमनगरात फौंड्रीचं काम केलेले एक गृहस्थ आहेत, एक शाळेतले सर, एक बँकेतले, एक वकील. ज्ञान अफाट. एखाद्या तिकिटाचे दात मोजून ते पहिल्या छपाईचं की नंतरचं, हे सांगतील. तिकीट पालथं करून, उजेडाला धरून, कागदातलं पाणचिन्ह दाखवतील. पण बोलणं हळूहळू एका अरुंद गल्लीत शिरलं आहे. मिंट म्हणजे न वापरलेलं, कोरं आहे का, चारचा ब्लॉक आहे का, छपाईतली चूक आहे का, कॅटलॉगमध्ये किती धरलंय. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेलं, स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट कुणाकडे आलं तर तासभर दुसरा विषय निघत नाही. नवा माणूस येतो, कडेला बसतो, चहा घेतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही. मग आम्ही म्हणतो, आजकालच्या पोरांना मोबाईल सुटत नाही. हे मला पटत नाही. ज्या मुलाच्या हातात मोबाईल आहे तोच मुलगा रंकाळ्यावर पक्षी बघायला पहाटे उठतो, पन्हाळ्याच्या तटाला हात लावून दगड बघतो. त्याला वस्तूंचं वेड नाही, असं नाही. आपण त्याच्या पुढ्यात काय ठेवतो, प्रश्न तिथं आहे.

गेल्या हंगामात एक मुलगी आली. सातवीतली. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली तिकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणलेली, बहुतेक पाकिटांच्या कोपऱ्यांसकट कात्रीनं कापलेली. तिनं पिशवी सतरंजीवर ठेवली आणि विचारलं, "काका, ह्यातलं काय चालंल का?"

"मिंट किती हायत?" पहिला प्रश्न हा.

तिला काही कळेना. दुसऱ्यानं एक कोपरा उचलून उजेडात धरला. "आख्खं पाकीट कशाला कापलंस गं? शिक्का अर्धा गेला की." बोलण्यात राग नव्हता, हळहळ होती, पण ती हळहळ मुलीच्या अंगावर जाऊन पडली. ती पिशवीचं तोंड आवळायला लागली.

तेवढ्यात सरांनी आपली डबलची वही तिच्यापुढे सरकवली. "ह्यातली तुला आवडतील ती काढ. चिमट्यानं काढ, असं."

डबलची वही म्हणजे ज्यांची दुसरी प्रत आपल्याकडे आहे अशा तिकिटांची वही. प्रत्येक जुन्या संग्राहकाकडे ती असते. कधी अदलाबदलीसाठी ठेवलेली, कधी नुसतीच साठलेली. मुलगी वाकून पानं उलटू लागली. तिनं पहिल्यांदा १९८४ चा सिंहगड काढला, कारण शाळेची सहल तिथं गेली होती. मग पक्षी काढले. मग एक तिकीट चिमट्यात धरून ती थबकली आणि म्हणाली, "हे नको. पाचशे रुपयांचं हाय."

माडीवर पहिल्यांदा सगळे एकदम बोलायला लागले. आपल्याकडच्या कितीतरी तिकिटांवर पाच रुपये ही किंमत टिंब न देता ५०० अशी छापलेली असते. शेवटची दोन शून्यं पैशांची. हे तिला सांगताना बँकेतल्या गृहस्थांनी १ एप्रिल १९५७ पासून सुरुवात केली, त्या दिवशी आणे गेले आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. फौंड्रीवाल्यांना त्यांच्या आईचा आण्यांतला हिशेब आठवला. वकीलसाहेब १९६४ वर आले, त्या वर्षी जूनमध्ये ‘नये’ हा शब्द गळून नुसते पैसे राहिले. म्हणजे तिकिटावर आणे असतील तर ते १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ किंवा त्याचं लघुरूप असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं. एवढं समजल्यावर मुलीनं आपली पिशवी पुन्हा उघडली, सतरंजीवर रिती केली आणि तिकिटांचे तीन ढीग करायला बसली. तिला आता कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

त्या दिवसापासून मी डबलच्या वहीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. संग्रह ज्याचा त्याचा असतो, तो कपाटात राहतो. डबल मात्र दुसऱ्याकडे जाण्यासाठीच असतं. आमच्याकडे शेतकरी खळ्यावरच निवडक कणसं बाजूला काढून टांगून ठेवतो, आणि पेरणीच्या वेळी शेजारी बी मागायला आला तर त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही. तिकीटवाल्यांच्या कुठल्याही मंडळीची प्रकृती जोखायची असेल तर त्यांच्याकडच्या दुर्मीळ तिकिटांकडे पाहू नये. त्यांच्या डबलच्या वह्या वर्षभरात किती रिकाम्या झाल्या ते पाहावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हाताला काम मिळालं पाहिजे, आणि आमच्या छंदात तिकिटं भिजवण्यासारखं दुसरं काम नाही. परातीत कोमट पाणी घ्यायचं. कापलेले कोपरे त्यात पालथे सोडायचे. घाई करायची नाही. थोड्या वेळानं डिंक विरघळतो आणि तिकीट आपसूक कागदापासून सुटून तरंगायला लागतं. ओढायचं नाही, ओढलं की पाठ पातळ होते, आणि ते पातळपण उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही, पण दिसलं की कायम दिसत राहतं. मग दुसऱ्या, स्वच्छ पाण्यातून एकदा काढायचं, आणि पांढऱ्या कोऱ्या कागदावर पालथं वाळत घालायचं. वर्तमानपत्रावर नाही, शाई लागते. लग्नपत्रिकेच्या गुलाबी, तांबड्या पाकिटांचे कोपरे निराळे भिजवायचे, नाही तर सगळी परात रंगते. अर्धवट वाळली की दोन कागदांमध्ये घालून वर जाड पुस्तक ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तिकिटं सपाट, कडक, नवी झालेली असतात.

मुलीनं हे सगळं केलं, तिच्याबरोबर तिची आईही बसली. परातीवर चारपाच डोकी वाकलेली आणि तिकिटं एकेक करून सुटताहेत, हे बघताना आमच्यातल्या सगळ्यात अबोल माणसानं आपल्या लहानपणची हकीकत सांगितली. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर परगावाहून रोज ढीगभर टपाल यायचं आणि मुनीमजी शाळेच्या पोरांसाठी पाकिटं बाजूला ठेवायचे. इतकी वर्षं आम्ही त्यांना ओळखतो. हे आम्हाला माहीत नव्हतं.

मात्र सगळंच भिजवायचं नाही, हेही त्याच दिवशी सांगायला हवं, आणि ते रागावून नव्हे तर एखादं अख्खं पाकीट हातात देऊन. पाकिटाला बोलतं करता येतं. त्यावर पिनकोड आहे का बघ. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या पत्त्याच्या शेवटी आपण जे ४१६ लिहितो त्यातला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा टापू. आणि ४१६ म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग. शेवटचे तीन आकडे तुझ्या टपाल कचेरीचे. मग शिक्का बघ. कुठला, कधीचा. तिकिटावर पडलेला शिक्का म्हणजे तिकीट खराब झालं, असं नवख्याला वाटतं. खरं तर तिकीट छापलं जातं नाशिकरोडला किंवा हैदराबादला, लाखांनी. त्यातलं हे एक कुठल्या दिवशी कुठल्या गावात कामाला आलं, ते फक्त शिक्का सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा बोलत्या पाकिटांची वानवा नाही. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या भागांत लष्करात गेलेलं कुणी नाही असं घर शोधावं लागतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. या घरांतल्या ट्रंकांत जी पत्रं आहेत त्यांच्या शिक्क्यांवर गावाचं नाव नसतं. फील्ड पोस्ट ऑफिसचा एक क्रमांक आणि तारीख, एवढंच. उलटटपाली पत्ता ‘५६ एपीओ’. माणूस नेमका कुठं आहे, हे घरच्यांना पाकिटावरून कळत नसे, आणि कळू नये अशीच ती व्यवस्था होती. मी अशी पत्रं एका घरी पाहिली. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमनच वाचून दाखवायचे, असं तिच्या सुनेनं सांगितलं. पण आजी पाकिटं तारखेनं लावून ठेवायची, म्हणजे त्या शिक्क्यातले आकडे तिनं ओळखायला शिकून घेतले होते. या पाकिटांना बाजारात फारसं मोल नाही. आमच्या बैठकीत कुणी अशी एक चळत आणली तर मी गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाकडे पाठ फिरवून तिच्याकडे वळेन.

आणि १९७१. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा त्यांच्या मदतीसाठी सरकारनं टपालावर ५ पैशांचा जादा भार बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटांशेजारी आणखी एक इवलंसं तिकीट लागू लागलं. कुटुंबनियोजनाचं ५ पैशांचं नेहमीचं तिकीट, वर ‘शरणार्थी सहायता’ असं उमटवलेलं. नाशिकचा छापील साठा पोचेपर्यंत ठिकठिकाणी रबरी शिक्के मारून काम भागवलं गेलं, त्यामुळे त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. १९७३ च्या मार्चअखेर हा भार उठला. ही तिकिटं इतकी निघाली की आजही रद्दीतून मिळतात. पण एका मुलाला किंवा मुलीला मी दुसरं काहीही न देता हे एकच देईन आणि सांगेन, तुझ्या आजोबांनी प्रत्येक पाकिटामागे पाच पैसे कुणासाठी तरी दिले होते, ही त्याची पावती.

नव्या माणसाला आपल्या गावाचं पान लावायला सांगावं. कोल्हापूर संस्थानानं टपालाची तिकिटं काढली नाहीत. इथं इंग्रजी टपालच चालायचं. जुन्या खरेदीखतांवर नि दाव्यांच्या कागदांवर जी देखणी तिकिटं दिसतात ती दरबारची कोर्ट फीची आणि मुद्रांकाची, टपालाची नव्हेत, आणि त्यांचाही वेगळा संग्रह होतो. टपालाचं तिकीट काढलं ते भोरच्या पंत सचिवांनी, १८७९ साली. त्याच वर्षी हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पण स्वतंत्र भारताच्या तिकिटांत कोल्हापूर भरपूर आहे. १९६१ चे शिवाजी महाराज, १९७९ चे शाहू महाराज, १९८८ चे कर्मवीर भाऊराव पाटील (जन्म कुंभोजचा), १९९८ चे वि. स. खांडेकर, २००१ चे व्ही. शांताराम, २०१३ मध्ये सिनेमाच्या शंभरीला निघालेले भालजी पेंढारकर. हे सगळं मिळून एका मध्यम हॉटेलातल्या जेवणाइतका खर्च येतो. एका पानावर मांडा आणि शेजारी आपल्या अक्षरात, मराठीत, दोन ओळी लिहा. मुलीनं शांतारामांच्या तिकिटाखाली लिहिलं, की प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला आपल्या कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. ‘गेली’ या शब्दाखाली तिनं रेघ ओढली आहे. कोल्हापूरकराला ती रेघ समजेल.

प्रदर्शनांचे नियम कडक असतात. एका फ्रेममध्ये सोळा पानं, मथळे नेमके, मजकूर थोडका, आणि बहुतेक सगळं इंग्रजीत. स्पर्धेसाठी ते असू दे. पण प्रत्येक प्रदर्शनात एक फ्रेम अशी असावी, की जिथं पहिल्याच वर्षाच्या संग्राहकानं आपलं एकच पान लावावं, मराठीत, खाडाखोडीसकट. आणि एक टेबल असावं, जिथं हात लावायला परवानगी आहे. २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट तिथं ठेवा. ते हुंगून बघितल्यावर पोरं जो चेहरा करतात, तो पाहिला की कुठल्याही जाणत्या माणसाला खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसावंसं वाटेल.

खरी अडचण निराळीच आहे, ती सांगायला हवी. घरी तिकीट येईनासं झालंय. काउंटरवर पाकीट दिलं की त्यावर बारकोडची पट्टी बसते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि रजिस्टरच्या जाड पाकिटावर पाचसहा तिकिटं ओळीनं चिकटवलेली असायची तेही दर्शन संपलं. म्हणजे आजच्या मुलाच्या दारात तिकीट आपण होऊन यायचं नाही. ते कुणीतरी पाठवायला हवं. म्हणून आम्ही आता असं करतो: बैठकीला जो नवा येईल त्याचा पत्ता लिहून घ्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात एकानं तरी त्याला पत्र टाकायचं. पाच रुपयांचं चांगलं स्मारक तिकीट मुद्दाम मागून घ्यायचं, पाकिटावर डाव्या-उजव्या बाजूंना जागा सोडून सरळ लावायचं, आणि काउंटरवरच्या ताईंना विनंती करायची की शिक्का जरा नीट, गोल, वाचता येईल असा मारा. त्या मारतात. रमणमळ्यातल्या मुख्य टपाल कचेरीत अशी विनंती केल्यावर मी कधी कुणी वसकन अंगावर आलेलं पाहिलं नाही; उलट कुणी शिक्क्याकडे एवढं बघतंय याचं त्यांना अप्रूप वाटतं. पैसे नसतील तर ५० पैशांचं पोस्टकार्ड टाका. आत काय लिहायचं? आपल्या घरातल्या एका पाकिटाची गोष्ट लिहायची आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर यावंच लागतं.

सरकारी सोयीही आहेत, त्या मुलांच्या पालकांना सांगाव्यात. दोनशे रुपये भरून टपाल खात्यात तिकीट संग्राहकाचं खातं उघडता येतं. नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी २०१७ पासून दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्ती आहे, महिना पाचशे रुपये, देशभरात ९२० मुलांना. तिच्यासाठी प्रश्नमंजूषा असते, प्रकल्प करावा लागतो. योजना चांगली आहे. पण शिष्यवृत्तीकडे बघून छंद लागत नाही. आधी परात, मग परीक्षा, हा क्रम मला योग्य वाटतो. शाळांनी क्लब काढावेत, आणि त्या क्लबला आठवड्यातून एक तास देणारा एखादा निवृत्त माणूस गावात असतोच. त्याला बोलावलं पाहिजे. तो बोलावण्याची वाट बघत असतो.

परवाच्या रविवारी ती मुलगी एक अख्खं पाकीट घेऊन आली. या वेळी कापलेलं नाही. गडहिंग्लजहून कोल्हापूरला आलेलं, शरणार्थी सहायतेचं तिकीट लावलेलं, शिक्क्यावर पाण्याचा डाग. साल ७१ आहे की ७७, हे कुणाला लागेना. ती म्हणाली, "७१ च. ७३ नंतर हे तिकीट लावायचं कारणच नाही."

सर म्हणाले, "घरात उरलेलं असलं तर? लावलं असंल कुणी नंतर."

"मग पत्त्यात पिनकोड असता, सर. ह्यात नाही."

"आमचा बा शेवटपर्यंत पिनकोड लिहीत नव्हता," फौंड्रीवाले म्हणाले, आणि तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते हसायलाच लागले. वकीलसाहेब म्हणाले, आतलं पत्र असेल तर त्यावर तारीख सापडेल. पत्र आत नव्हतं. मग त्या काळी गडहिंग्लजच्या शिक्क्याचा आकार कसा होता, यावर दोन मतं पडली. एकानं आपल्याकडचं १९७५ चं गडहिंग्लजचं पाकीट पुढच्या रविवारी आणायचं कबूल केलं, दुसरा म्हणाला पुढचा रविवार कशाला, घर इथंच हाय, आत्ता घेऊन येतो. तो चप्पल घालून जिना उतरला, आणि मुलगी वरून ओरडून सांगत होती, "काका, भिंगही आणा!"